खोब्रागडे बाईंचे जावई

चंद्रपूरच्या कॉलेजात मी रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्यापुढे आलेल्या बशीत एक प्राणी पोहत होता. चहा कपात होता, बशीत पाणी होतं आणि पाण्यात तीन शेपट्या पसरून बसलेलं, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं असं काहीतरी. मी किंचाळले नाही. पुण्याहून रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळवून आलेल्या बाईला किंचाळणं शोभलं नसतं. मी फक्त खुर्चीवर चढले.

"उतर खाली," समोर बसलेल्या बाई म्हणाल्या. "तो भ्याला ना."

या खोब्रागडे बाई. प्राणिशास्त्र शिकवायच्या. तेव्हा चाळिशीच्या असतील. उंच, रुंद, आणि आवाज असा की व्हरांड्याच्या या टोकाला त्या हजेरी घ्यायला लागल्या की त्या टोकाचा भूगोलाचा वर्ग "हजर" म्हणायचा. साडीचा ओचा कायम वर खोचलेला, जणू वर्गातून उठून थेट पाण्यातच शिरायचं आहे. आणि बऱ्याचदा तसंच असायचं. खांद्याला गोणपाटाची पिशवी, तिच्यात पिठाची चाळणी, एक पांढरी एनॅमलची थाळी, रंगकामाचा बारीक ब्रश आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. बाईंना उभ्या जन्मात खोकला झाला नसेल, पण बाटल्यांसाठी त्यांनी अख्ख्या गल्लीला खोकायला लावलं होतं.

आता त्या वेळची मी. इस्त्रीची कडक साडी, टाचेचे सँडल, डोळ्यांवर गॉगल, आणि डोक्यात अशी हवा की पाणी म्हणजे काय हे जगात फक्त मला आणि माझ्या काचेच्या नळ्यांनाच कळतं. बँकेनं नवऱ्याची बदली केली म्हणून मी चंद्रपूरला आले होते. पण वावरत होते अशी, की चंद्रपूरनंच मला अर्ज करून बोलावून घेतलंय. आज ती पोरगी मला रस्त्यात दिसली तर मी तिला रागवायची नाही. तिच्या पदराला मागून हळूच एक खेकडा लावून देईन.

नाल्यातल्या दगडांखाली कोण राहतं, यावरून त्या नाल्याचं पाणी कसं आहे ते सांगायचं, हा बाईंचा अभ्यास. पीएचडीसाठी धरलेला विषय, पण त्याला इतकी वर्षं झाली होती की प्रिन्सिपॉलांनी विचारणं सोडलं होतं. कधी संपणार म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, नाले संपले की.

मला त्या पहिल्यांदा नाल्यावर घेऊन गेल्या तेव्हा मी माझ्या बाटल्यांची पेटी घेऊन काठावर उभी राहिले. बाई सरळ आत शिरल्या. वाहत्या पाण्यात चाळणी आडवी धरायची, तिच्या वरच्या बाजूचे दगड पायानं ढवळायचे, दगडांना चिकटलेले जीव वाहत येऊन चाळणीत अडकतात, ते थाळीत उलटायचे. पांढऱ्या थाळीत बघता बघता एक गाव हालायला लागलं. मी जवळून बघायला एक पाऊल पुढे टाकलं आणि टाचेच्या सँडलसकट बसले ती थेट पाण्यात. बाईंनी मला उचलण्याआधी थाळी उचलली.

मग ओल्या साडीत काकडत मी त्यांचा धडा ऐकला. हे तीन शेपट्यांवाले म्हणजे जावई. पाणी जरा बिघडलं की रुसलेच, घर सोडून चालते झाले. दोन शेपट्यांवाले हे थोरले जावई. त्यांना पाणी गार लागतं, वाहतं लागतं, नाहीतर ते येतच नाहीत. वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती घर बांधणारे ते मिस्त्री. मिस्त्री थोडंफार सोसून घेतात. परतीच्या वाटेवर होस्टेलच्या मागच्या गटारापाशी बाई थांबल्या आणि काडीनं चिखल उचकला. आत लालभडक अळ्या वळवळत होत्या.

"आणि हे घरजावई. यायचा कितीही अपमान करा, घाण पाणी पाजा, हलत नाईत. उलटे भाऊबंद बोलावतात."

यांची शास्त्रीय नावं काय, असं मी नाक उडवून विचारलं. बाईंनी ती सगळी एका श्वासात सांगितली आणि वर म्हणाल्या, खेड्यातल्या बायांना लॅटिन सांगून काय करू? जावई म्हटलं की सगळ्या पुढं सरकून ऐकतात.

आमचं खरं भांडण बाटलीवरून. मी बाटलीत पाणी घ्यायची, प्रयोगशाळेत त्यातला प्राणवायू मोजायची आणि दशांशासकट आकडा सांगायची. बाई म्हणायच्या, "तुझी बाटली म्हणजे फोटो. फोटोत सगळेच साजरे-गोजरे दिसतात. माझे किडे म्हणजे शेजारीण. वर्षभर त्या घरात काय झालं, तिले सारं माहीत असते."

शेजारणीच्या सांगण्याला शास्त्र म्हणत नाहीत, मी म्हणाले.

"नसतील म्हणत. पण पोलीस आले की पहिले तिच्याच घरी जातात."

त्यांच्याबरोबर एसटीनं जाणं हा वेगळा प्रकार होता. एकदा मूल गावाकडून येताना पायाशी झाकण लावलेली बादली होती. कंडक्टरनं विचारलं, यात काय हाय? बाई म्हणाल्या, जावई. कंडक्टरही तिकडचाच, तो म्हणाला, मग तिकीट काढा. बाईंनी खरोखर हाफ तिकीट काढलं आणि बादलीच्या कडीला खोचलं. पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली, झाकण उडालं आणि जावई एका आजोबांच्या धोतरावर सांडले. दुसरं कुणी असतं तर माफी मागितली असती. बाईंनी आजोबांच्या हातात थाळी दिली आणि हलू नका म्हणून दटावलं. मग अर्धी गाडी सीटखाली वाकून किडे वेचत होती, कंडक्टर टॉर्च धरून होता, आणि मी खिडकीबाहेर बघत, या बाईंशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून बसले होते. माझ्या वेणीतही एक जावई होता, हे घरी गेल्यावर कळलं.

नाल्यांचं एवढं वेड का, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही दगड उलटता उलटता. त्यांच्या आजीला गावच्या विहिरीवर जाऊ देत नसत. आजी नाल्याचं पाणी भरायची. पाण्यात कुठले किडे असले की ते प्यायचं आणि कुठले असले की नाही, हे तिनं नातीला दाखवलं होतं. "मी त्याले फक्त थाळी आणली," बाई म्हणाल्या आणि पुढच्या दगडाकडे वळल्या.

बोरटोल्याचं प्रकरण झालं ते गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या सुमाराला. गोंडपिपरीच्या वाटेवर, जंगलाच्या कडेला हे धानाचं छोटं गाव. उन्हाळ्यात तिथली विहीर आटायची. मग बाया नाल्याच्या वाळूत खड्डे खणायच्या, त्यांना झिरे म्हणतात. त्यात हळूहळू पाझरणारं पाणी वाटीनं भरून घरी न्यायचं. गावाला प्यायला तेवढंच. गावाच्या वरच्या अंगाला बंडूभाऊंची उकड्या तांदळाची गिरणी होती. धान भिजवलेलं, उकडलेलं ऊनऊन पाणी एका चरातून नाल्यात सोडायचे. आदल्या उन्हाळ्यात झिऱ्यांच्या पाण्याला आंबूस वास आला, घरोघर जुलाब सुरू झाले, आणि तानाबाईंची नात जेमतेम वाचली. तानाबाई म्हणजे बोरटोल्याचं तोंड. त्या चंद्रपूरला येऊन बाईंच्या दारात बसल्या आणि म्हणाल्या, पुढच्या उन्हाळ्याच्या आत त्या चराचं तोंड दुसरीकडे फिरवून द्या.

बंडूभाऊ काही दुष्ट माणूस नव्हते. कुणाच्या घरी लग्न निघालं की तांदळाचं पोतं पाठवायचे. फक्त आपल्या गिरणीतून वाईट असं काही बाहेर पडू शकतं, हे त्यांना पटत नव्हतं. कपडे पांढरेशुभ्र, आणि मन आपलंही तसंच आहे अशी खात्री.

पाण्याचं बघणारे एक सरकारी साहेब यायचं ठरलं. दिवाळी होऊन गेली होती, धान गिरणीत यायला लागलं होतं. साहेबांसमोर आधी मी बाटली भरली, तिथेच औषधं घालून थेंबथेंब मोजणी केली आणि गॉगल कपाळावर चढवून जाहीर केलं की पाणी उत्तम आहे. साहेब येणार म्हणून आदल्या संध्याकाळपासून चर बंद होता, हे माझ्या पहिल्या वर्गाला कसं कळणार? बंडूभाऊ हसले, गिरणीतले लोक हसले. तानाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गॉगल पुन्हा डोळ्यांवर घेतला.

बाईंना राग आला की त्यांचे कान लाल व्हायचे. त्या आधी चराच्या वर गेल्या. थाळीत जावई, थोरले जावई, मिस्त्री, सगळं गणगोत. मग खाली, गावापाशीच्या डोहात. चाळणी घातली, दगड ढवळले, थाळी उलटली. रिकामी. पुन्हा केलं. पुन्हा रिकामी. बाई दोन्ही हातांत थाळी धरून साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, वर जिता नाला, मधी गिरणी, खाली मेला नाला, आणखी काय पुरावा पाहिजे? साहेबांना ते बाटलीपेक्षा लवकर कळलं. चर बंद करायचा हुकूम काढतो म्हणाले आणि चहाला गिरणीवर गेले. गावानं बाईंना जेवायला ओढून नेलं.

तानाबाईंच्या ओसरीवर भात आणि मासळीचा झणझणीत रस्सा होता. बाईंनी दोनदा मागून घेतला. तिसऱ्यांदा वाढताना, मेलेल्या नाल्यात एवढी मासळी आली कुठून, असं त्यांनी सहज विचारलं. तानाबाई खुशीत होत्या.

"अवं बाई, परवा आम्ही नाला मारला ना. साऱ्या गावानं. साल कुटून टाकली डोहात, मासे कसे वर आले. अन् एक दगड नाई ठेवला उलटायचा. खेकडेबी नाई सोडले."

बाईंचा हात ताटात तसाच थांबला.

हे तिकडचं जुनं काम. नाल्याचं पाणी उतरलं की गाव मिळून डोहात झाडाची साल कुटून कालवतं, गुंगलेले मासे वर येतात, लहानथोर सगळे पाण्यात उतरून तळ ढवळून काढतात. दगडाखालच्या किड्यांचं मग काय राहणार?

"घरजावईबी नव्हते," बाई स्वतःशीच बोलल्या. "घाणीनं घरजावई वाढतात. तेबी नव्हते, अन् मले दिसलं नाई. रागात होती मी."

तानाबाईंना आपण काय बोलून बसलो ते आता कळलं. त्या जवळ सरकल्या, आवाज खाली आणला. "बाई, तुमी काऊन सांगता? गिरणीचं पाणी घाण हायच ना? आपल्या पोरी मराच्या का उन्हाळ्यात?"

मीही मान डोलावली. मला तर तानाबाईंचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध वाटलं.

बाईंनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "आज खोटी साक्ष चालून जाईन, तानाबाई. मंग पुढं माह्या किड्यायचं कोण आयकन?"

आणि त्या उष्ट्या हातानंच उठल्या. बोटांवर रस्सा, ओचा वर खोचलेला, अशा त्या धुळीच्या वाटेनं गिरणीकडे निघाल्या. मागे मी पाण्याचा गडू घेऊन, बाई, हात तरी धुवा, म्हणत पळतेय. माझ्यामागे तानाबाई बाईंना शिव्या घालत.

गिरणीत साहेब चहा पीत होते. टेबलावर त्यांच्यासाठी आणलेली शाल आणि नारळ. बंडूभाऊंचं तोंड उतरलेलं. बाईंनी दारातूनच सांगून टाकलं. डोह गावानं मारला होता, माझी थाळी त्यानं रिकामी राहिली, तुमच्या गिरणीनं नाही, माझं बोलणं मी परत घेते.

बंडूभाऊंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी नंतर फक्त नातवंडांच्या बारशाला पाहिलाय. ते उठले, साहेबांची शाल उचलली आणि बाईंच्या खांद्यावर घातली. नारळ बाईंच्या रश्शाच्या हातात. गिरणीतले सगळे गोळा झाले, बाहेर गाव उभं होतं, आणि बंडूभाऊंना भाषणाची आवड. बाईंसारखं खरं बोलणारं माणूस जिल्ह्यात नाही, म्हणाले. बाईंचा शब्द मी मानतो, बाईंचे किडेसुद्धा मानतो, ते काही खोटं बोलले नव्हते, असंही म्हणून गेले. टाळ्या पडल्या. तानाबाईंनी वाजवल्या नाहीत.

मग बाई आभाराचं बोलायला उभ्या राहिल्या. शाल नीट केली.

"तर भाऊ, संक्रांत झाल्यावर पुन्हा पाहू. गाव तोवर नाला मारणार नाई. तुमी म्हणान तिथं चाळणी घालीन. किडे सांगतील ते तुमी मानान?"

एवढ्या टाळ्यांनंतर बंडूभाऊ नाही कसे म्हणणार? मानीन म्हणाले. साहेबही सुटल्यासारखे दिसले.

ते दिवस गावाला जड गेले. हंगामात नाल्यातली मासळी नाही म्हणजे काय, हे माझ्यासारख्या वरणभात खाणारीला समजलं नसतं. पण तानाबाई दर आठवड्याला निरोप पाठवायच्या की बाईच्या किड्यांपायी आमचा रस्सा गेला. डोहावर मात्र पहारा त्यांचाच. बाईंची झोप उडाली होती. कॉलेजात कुणी हटकलं नाही, पण प्रिन्सिपॉल त्यांना बघून हल्ली जरा जास्तच गोड हसायचे. या खेपेला किडे परत आलेच नाहीत तर, किंवा जावईच आले तर? मी विचारलं. तर तेच सांगीन, म्हणाल्या, आणि चाळणीची जाळी पुन्हा एकदा बोटांनी तपासली.

संक्रांत झाली. बंडूभाऊ स्वतः आले, साहेब आले, गाव तर होतंच. दोन दिवसांपासून गिरणी बंद ठेवली होती, अगदी झाडून-पुसून. माझी बाटली पुन्हा उत्तम निघाली. या वेळी मी ते हळू आवाजात सांगितलं.

बाईंनी वरची थाळी आणून बंडूभाऊंच्या पायाशी ठेवली. जावई, मिस्त्री, सगळे. मग डोहातली थाळी शेजारी ठेवली. तिच्यात लाल वळवळ होती, एवढी की तळ दिसत नव्हता. शेपटीवाला एकही नाही.

बंडूभाऊ दोन्ही थाळ्यांवर वाकले. "पण गिरणी तर परवापासून बंद हाय," ते म्हणाले.

"हो भाऊ. पण यायले कोणी सांगितलं नाई."

आधी तानाबाई हसल्या. मग गाव. मग साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. बंडूभाऊंनी हात जोडले. आपणच भाषण केलं होतं, आता जातील कुठं. थोड्या दिवसांत गिरणीच्या मागे मोठे खड्डे खणले गेले, पाणी आधी त्यात मुरवून, निववून, उरलंसुरलं त्यांच्याच शेतात. चराचं तोंड मातीनं बुजलं. पण नाला काही हुकुमानं सुधारत नाही. उन्हाळा दारात होता, आणि डोहात अजून लालच दिसायचं. बाई दर सुट्टीला बोरटोल्याला जायच्या आणि सोमवारी गप्प असायच्या. बाई गप्प असणं म्हणजे भूगोलाच्या वर्गालाही चुकल्यासारखं वाटायचं.

होळीच्या सुमारास नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आला. गोंडपिपरीला काही ओळखीच्यांना भेटून मी एसटीनं परतत होते. खिडकीतून मोहाचा वास येत होता. बोरटोल्याच्या पुलावर समोरून बैलगाडी आली, ड्रायव्हरनं गाडी थांबवली, आणि मी सहज खाली पाहिलं.

नाल्याची आता बारीक धार उरली होती. पलीकडे वाळूत तानाबाई झिरा खणून वाटीनं पाणी काढत होत्या. आणि डोहाच्या तोंडाशी दोन पाठी वाकलेल्या. एक रुंद, ओचा खोचलेली. दुसरी पांढऱ्या सदऱ्याची. बंडूभाऊंचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजून चिखलाचं झालं होतं. दोघांच्या मधे एकच दगड, पालथा, बाईंच्या दोन्ही तळहातांवर.

"तिसरी शेपटी हाय, बाई," बंडूभाऊंचा आवाज पुलापर्यंत आला. "मले दिसून राह्यली."

"शेवाळ हाय ते."

"शेवाळ हालते का?"

बाई आणखी खाली वाकल्या. पदर खांद्यावरून सुटून पाण्यात पडला, धारेबरोबर लांब होत गेला, तरी त्यांनी तो सावरला नाही. बैलगाडी पुढे सरकली आणि आमच्या ड्रायव्हरनं गिअर टाकला. तानाबाईंनी हातातली वाटी वाळूवर ठेवली, लुगडं जरा वर धरलं, आणि त्या दोघांकडे पाण्यातून चालत निघाल्या.